भिगवण, सुपे, कडबनवाडी : कॅमेरा घेऊन जाताय? या चुका टाळा

पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग म्हटलं की ऊस, साखर कारखाने आणि सोलापूर रस्त्यावरचे ढाबे डोळ्यांसमोर येतात. पण याच पट्ट्यात चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आणि तरस आहे, आणि हिवाळ्यात उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात. इथे येणारे बरेच जण आधी ताडोबाला जाऊन आलेले असतात आणि तिथली सवय इथे घेऊन येतात. जिप्सी पळवायची, प्राणी शोधायचा, दिसला की धडाधड फोटो. इथला प्राणी मात्र मेंढरांच्या वाटेवर आणि शेताच्या बांधाला राहतो. त्याची माणसाशी रोजची गाठ आहे आणि माणसाबद्दलची त्याची मतंही पक्की आहेत. ती समजून न घेता गेलात, तर सहाशे मिलिमीटरची लेन्ससुद्धा फारशी कामाला येत नाही.

‘फ्लेमिंगो दिसलेच नाहीत!’

उजनीच्या काठावरच्या भिगवणहून परतणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. ‘डिसेंबर म्हणजे सीझन’ एवढंच ऐकून लोक निघतात. सीझन कॅलेंडरपेक्षा धरणावर ठरतो. उजनी काठोकाठ भरलं की सुमारे ११७ टीएमसी पाणी साठतं आणि त्याचा फुगवटा भिगवण, डिकसळ, कुंभारगावच्या पुढेही पसरतो. रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, चोच उलटी करून उथळ पाण्यातल्या गाळातून खाद्य गाळून खातो. कडेलाच पुरुषभर पाणी असेल, तर तो तिथे उभा तरी कुठे राहणार? कालव्यांना आणि नदीत पाणी सोडल्यावर पातळी उतरते, चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडतात आणि मग तो येतो. चांगला पाऊस झालेल्या वर्षी बऱ्याचदा जानेवारी उजाडतो, कधी फेब्रुवारीही. उजनी किती टक्के आहे, प्लसमध्ये (उपयुक्त साठा) की मायनसमध्ये (मृतसाठा), हे सोलापूरची वर्तमानपत्रं सतत छापत असतात. ते बघा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी नाववाल्या दादांना फोन करा. ‘सीझन आहे का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘या की!’ असंच मिळेल. ‘पाणी किती उतरलंय, पक्षी कोणत्या बाजूला बसतात?’ असं विचारा.

पाणी जास्त असेल तर फेरी फुकट गेली असंही नाही. पट्टकादंब, थापट्या, चित्रबलाक, कुरव, नदी सुरय, माशावर झेपावणारा कैकर हे सगळे असतातच. फ्लेमिंगोचा हट्ट धरून त्यांच्याकडे पाठ फिरवणारे पाहिले की आश्चर्य वाटतं.

‘जरा उडवून दाखवा ना’

ही सर्वांत वाईट चूक, आणि ती गिऱ्हाईक करतं, नाववाला नाही. बहुतेक नाववाले मूळचे मासेमारी करणारे. पक्षी किती जवळ येऊ देतो हे त्यांना आपल्यापेक्षा बरं कळतं. पण पैसे देणारा माणूस मागे लागला की त्यांचाही नाइलाज होतो. थवा उठवला की पुढच्या नावांना तो लांब पलीकडच्या काठाला दिसतो, आणि तुमच्या हाती काय लागतं? पळणाऱ्या पक्ष्यांच्या शेपट्या.

उडता फोटो हवा असेल तर वारा बघा. पक्षी उठतो आणि उतरतो तो वाऱ्याकडे तोंड करून. वारा आणि सकाळचं ऊन दोन्ही तुमच्या पाठीशी असतील, अशा जागी नाव थांबवली, तर थवा आपसूक उठताना किंवा उतरताना त्याचं तोंड तुमच्याकडे असतं. निघण्याआधीच सांगून ठेवा, ‘दादा, ऊन पाठीमागं राहील असं घ्या, आणि इंजिन लांबच बंद करा.’ पुढचं अंतर वल्ह्याने किंवा बांबूने. मग गप्प बसून राहायचं. दहा मिनिटांत पक्षी पुन्हा चरायला लागतात आणि काही वेळा स्वतःच नावेच्या दिशेने सरकतात.

नावेत ट्रायपॉड उभा करू नका. हलणाऱ्या लाकडावर त्याचा उपयोग शून्य, उलट शेजाऱ्याच्या पायात अडकतो. हातातच धरा आणि शटरचा वेग १/१६०० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका.

पांढरे पक्षी फोटोत नुसते पांढरे ठिपके दिसत असतील, तर दोष पाण्याच्या काळसरपणाचा. मोठा भाग गडद असल्यामुळे कॅमेरा सगळंच उजळवायला जातो आणि पिसांचा तपशील उडतो. एक्स्पोजर अर्ध्या ते एक स्टॉपने खाली आणा. सकाळच्या धुक्यात नेमकं उलटं करावं लागतं. पहिल्या दोन-तीन फोटोंनंतर हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) नजर टाकली तरी पुरे.

चिंकारा फक्त पाठमोरा मिळतो

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य बारामती तालुक्यात, चौफुल्याहून मोरगावकडे जाताना लागतं. १९९७ मध्ये जाहीर झालेलं, क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर, देशातल्या सर्वांत लहान अभयारण्यांपैकी एक. एवढ्याशा जागेत लोक गाडी गोल गोल फिरवत राहतात. काही गरज नसते.

इथल्या चिंकाऱ्याला उभ्या गाडीची भीती फारशी वाटत नाही. गाडीचा दरवाजा उघडून माणूस खाली उतरला की मात्र तो सुटलाच. पाय खाली टाकू नका. इंजिन बंद करा, काच आधीच उतरवून ठेवा आणि तांदळाने भरलेली कापडी पिशवी खिडकीवर टेकवून तिच्यावर लेन्स ठेवा. चिंकारा बुजला तरी सहसा थोडं अंतर धावून थांबतो आणि वळून बघतो. अननुभवी माणूस तेवढ्यात कॅमेरा खाली करून गाडी सुरू करतो. तुम्ही व्ह्यूफाइंडरला डोळा लावूनच ठेवा. खरा फोटो त्या वळून बघण्यातच आहे.

एप्रिल-मे महिन्यांत पाणवठ्याला अगदी खेटून गाडी लावणं ही आणखी एक खोड. वनखातं टँकरने ते पाणी भरतं आणि जनावर भर उन्हात तिथे येतं. तुम्ही हटेपर्यंत ते लांब उभं राहतं, तहानलेलं. मागे सरका, लेन्स आहेच की.

फोकस बरोबर, तरी फोटो मऊ

लोक लेन्स दुरुस्तीला देतात, पण बऱ्याचदा दोष हवेचा असतो. माळावर जमीन झपाट्याने तापते आणि तापलेल्या हवेच्या लाटा तुमच्या आणि प्राण्याच्या मध्ये नाचतात. हिवाळ्यातही साडेनऊ-दहानंतर लांबचा फोटो धुवट यायला लागतो. यावर सेटिंग नाही. महागडी लेन्सही ती हवा चिरू शकत नाही. उजाडताना जा, जवळचे विषय घ्या: डोंबारी, धाविक, पीतमुखी टिटवी. उन्हं वर आली की चहा घ्या. आणखी एक बारकावा: थंडीत हीटर लावून आलात आणि काच उतरवली की गाडीतली गरम हवा बाहेरच्या गार हवेत मिसळताना लेन्सच्या तोंडाशीच तशाच लाटा उठतात. हीटर आधीच बंद करा.

यावरून एका दिवसात सुपे आणि भिगवण दोन्ही उरकण्याचा बेत का फसतो, हेही कळेल. पहाट एकच असते. पुण्याहून भिगवण शंभरएक किलोमीटर. आदल्या रात्री कुंभारगावात किंवा डिकसळला मुक्काम करा. चिलापीचं कालवण मिळेल ते वेगळंच.

गवतात गाडी घालू नका

इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामतीतलं शिरसुफळ इथे वनखात्याने २०२४ मध्ये गवताळ सफारी सुरू केली. ऑनलाइन आरक्षण आहे, वाटा ठरलेल्या आहेत. ‘ओसाड तर आहे’ म्हणून वाट सोडून गाडी घालणाऱ्यांना हे सांगावंच लागतं, की चंडोल, धाविक, टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. मातीच्या रंगाची ती अंडी उतरून शोधलीत तरी सापडणार नाहीत, आणि टायरला तर ती दिसतच नाहीत. हिवाळ्यात भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षीही रात्री गवतातच, जमिनीवर बसतात. संध्याकाळी ते उतरतात त्या जागी चालत जाऊ नका. (गेलात तर मोज्यांत घुसलेली कुसळं काढण्यात रात्र जाईल, एवढं नक्की.)

लांडग्याची गुहा दाखवा म्हणून धनगरांना पैसे देऊ करणारेही भेटतात. पिल्लं असताना माणसांची ये-जा वाढली की मादी पिल्लं तोंडात धरून जागा बदलते, आणि त्या धावपळीत गावची कुत्री गाठू शकतात. दिसलाच लांडगा, तर फोटो जरूर काढा. टाकताना मात्र लोकेशन काढून टाका आणि तालुक्याच्या पुढे काही लिहू नका.

कुत्री मागे लागून जखमी झालेला चिंकारा रस्त्याकडेला दिसला, तर त्याला गाडीत घालू नका, पाणी पाजायला जाऊ नका. माणसाच्या स्पर्शाने तो आणखी घाबरतो आणि त्या धक्क्यानेच दगावू शकतो. कुत्री हाकला, लांब थांबा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून जवळच्या गावाचं नाव आणि किलोमीटरचा दगड सांगा.