पासिंगच्या आधी चासी नंबर उजळून घ्या

टेम्पो-ट्रकच्या पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीला) दिवे, ब्रेक, रेडियम सगळं नीट असतं आणि गाडी अडते चासी नंबरावर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकावर. चिखल, ग्रीस आणि जुन्या रंगाखाली आकडे वाचताच येत नाहीत. मग आरटीओच्या आवारात बाटलीभर रॉकेल शोधत फिरावं लागतं. हे काम आदल्या दिवशी घरीच उरकावं.

१. नंबर बहुतेकदा उजव्या बाजूच्या चासीवर, पुढच्या चाकाच्या आसपास कोरलेला असतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की हात जायला जागा होते.
२. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा पाचेक मिनिटं त्यावर दाबून ठेवा. जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं पुसा.
३. शाळेतला पांढरा खडू आडवा धरून फिरवा आणि वरचा भुगा बोटाने हलकेच पुसा. खाचांत खडू राहतो, आकडे उठून दिसतात.
४. मोबाईलने फोटो काढून आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहा. सतरा अक्षरी नंबरात इंग्रजी 'ओ' आणि 'आय' वापरत नाहीत; 'ओ'सारखं दिसलं तर ते शून्य समजा, 'आय'सारखं दिसलं तर एक.

पासिंग झालं की त्यावर ग्रीसचा पातळ हात द्या, गंज धरत नाही.

मात्र ग्राइंडर, कानस किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका. पुसट आकडा पंचने पुन्हा ठोकायचा सल्ला गॅरेजवाला हमखास देतो, तो तर मुळीच ऐकू नका. नंबराशी छेडछाड केल्याचा संशय आला, तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. आकडे गंजून खरंच गेले असतील, तर आरटीओत रीतसर अर्ज करा.