सील शाबूत, माल गायब! मालवाहतुकीत या चुका टाळा

मालाची चोरी म्हटलं की सुनसान रस्ता आणि आडवी घातलेली गाडी डोळ्यांसमोर येते. तशी लूट होतेच. पण बराचसा माल उभ्या गाडीतून जातो, आणि काही वेळा तर आपणच तो चोराच्या गाडीत भरून देतो.

कागद बघून गाडी भरणे

चोर एखाद्या खऱ्या ट्रान्सपोर्ट कंपनीचं नाव आणि कागदपत्रं वापरून भाडं, म्हणजे माल पोचवण्याचं काम, उचलतो, गाडी लावतो आणि माल घेऊन पसार होतो. खातरजमा म्हणून आपण फोन करतो तोही त्याने पाठवलेल्या कागदावरच्या नंबरावर! नंबर स्वतः वेगळ्या ठिकाणाहून शोधा. ईमेलचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. गेटवर गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं लायसन्स आधी कळवलेल्या माहितीशी जुळत नसेल, तर लोडिंग थांबवा. पार्टी कितीही घाई करो. वाटेत 'पत्ता बदललाय' असा फोन आला, तर ऑफिसला विचारल्याशिवाय गाडी वळवायची नाही.

फक्त सील बघणे

कंटेनरसाठी आयएसओ 17712 या आंतरराष्ट्रीय मानकातलं 'एच' (सर्वाधिक सुरक्षेच्या) वर्गाचं बोल्ट सील, म्हणजे दाराला लावायचं जाड खिळ्यासारखं सील, मजबूत असतं. म्हणूनच चोर त्याच्या वाटेला जात नाही. तो दाराच्या हँडलचा रिव्हेट (ठोकून पक्की केलेली खीळ) काढतो, दार उघडतो, माल काढून नवा रिव्हेट बसवतो आणि वर रंगाचा हात फिरवतो. सील जसंच्या तसं. त्यामुळे प्रत्येक थांब्यानंतर सीलचा नंबर ताडून पाहा, सील ओढून बघा आणि टॉर्च मारून रिव्हेट, बिजागऱ्यांचे बोल्टही तपासा. जुन्या दारावर एखादाच बोल्ट चकचकीत दिसला, तर संशय घ्या. अशा वेळी दार उघडू नका. फोटो काढा, ऑफिसला कळवा आणि पोचपावतीवर शेरा मारून घ्या.

निघाल्या निघाल्या थांबणे

पाठलाग गोदामापासूनच सुरू होतो. डिझेल, जेवण, झोप हे सगळं माल भरण्याआधी उरका. गाडी लावताना मागची दारं भिंतीला भिडवा. युरोपियन युनियनने 2022 मध्ये ट्रक पार्किंगच्या सुरक्षेसाठी ब्रॉन्झ ते प्लॅटिनम असे चार स्तर ठरवले. तसं पार्किंग वाटेत नसेल, तर निदान उजेड आणि राबता असलेली जागा निवडा.

जीपीएस लावून निर्धास्त होणे

चोराने जॅमर (सिग्नल अडवणारं यंत्र) लावला की सिग्नल जातो. म्हणून गाडी कुठे आहे एवढंच न बघता सिग्नल तुटल्याचाही अलार्म लावा, आणि रात्री तो बघायला कोणीतरी जागं हवं. दुसरा ट्रॅकर मालातच लपवलेला बरा.

ड्रायव्हरलाच गुन्हेगार धरणे

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. पोचल्यावर माल कमी निघाला की पैसे पगारातून कापायचे, असा नियम असला की ड्रायव्हर घाबरून उशिरा कळवतो, आणि तपासाचे पहिले तास वाया जातात. लुटारू समोर आले तर झटापट करायची नाही, चावी द्यायची, हे त्याला मालकाने आधीच स्पष्ट सांगितलेलं असावं. कोणी 'टायरमधून धूर येतोय' असा इशारा केला, तर तिथेच न उतरता गजबजलेल्या जागी जाऊन बघावं.

आणि पहाटे पोचलेल्या गाडीला बंद गेटबाहेर ताटकळत ठेवून ड्रायव्हरला सावध राहायला सांगण्यात काही अर्थ नाही. गाडी आत घेण्याची सोय भाडं ठरवतानाच पक्की करा.