व्हॅम्पायरकथांच्या संकलनावर अभिप्राय कसा लिहावा

कादंबरीवर लिहिण्याची सवय असलेला वाचक संकलनापाशी अडखळतो. एका कादंबरीबद्दल एक मत असतं, तर इथे पंचवीस कथा, पंचवीस लेखक आणि त्यांची निवड करणारा एक संपादक असतो. त्यात सगळ्या कथांचा विषयही एकच. मग अभिप्राय बहुधा दोन प्रकारे फसतो: "काही कथा चांगल्या, काही ठीकठाक" एवढंच लिहून मोकळं व्हायचं, किंवा अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक कथेला दोन ओळी वाटत बसायचं. दोन्हींतून पुस्तक घ्यावं की नाही, ते वाचणाऱ्याला कळत नाही.

सुरुवात वाचनापासूनच करावी. एका बैठकीत दोनच कथा वाचा. तिसऱ्या कथेपर्यंत फिकट चेहरा, मानेवरच्या दोन खुणा, बंद शवपेटी हे सगळं पुन्हा पुन्हा आल्यासारखं वाटायला लागतं आणि आपल्या थकव्याचे गुण त्या कथेला जातात. शेरिडन ल फानू यांच्या 'कार्मिला'सारखी (त्याच नावाच्या व्हॅम्पायर तरुणीची) लघुकादंबरीच्या लांबीची कथा असेल तर तिला वेगळा दिवस द्या. पहिलं वाचन छापलेल्या क्रमानेच करा, कारण तो क्रम ही संपादकाची कामगिरी आहे आणि त्यावरही मत द्यायचं आहे.

प्रत्येक कथा संपली की लगेच, दुसरी उघडण्याआधी, वहीत चार गोष्टी टिपा: प्रथम प्रकाशनाचं वर्ष, निवेदक कोण, मनात राहिलेली एक जागा (पान क्रमांकासह) आणि पाचपैकी गुण. अर्धवट सोडलेल्या कथेला शून्य देऊ नका. 'सोडली, पान अमुक' असं लिहा. न आवडलेली कथा आणि न वाचलेली कथा यांत फरक आहे.

वर्ष टिपायचं कारण महत्त्वाचं आहे. या प्रकारातले नियम हळूहळू तयार होत गेले. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो हे आज सगळ्यांनी गृहीत धरलं असलं, तरी ती कल्पना रुजली 1922 च्या 'नोस्फेरातू' या मूकपटामुळे. 1897 च्या 'ड्रॅक्युला'मधला काउंट लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी असते. कार्मिला दुपारी एकच्या सुमारास खोलीतून खाली येते. त्यामुळे 'कार्मिला'सारख्या 1871-72 च्या कथेबद्दल "लेखक नियम विसरला, व्हॅम्पायर उन्हात कसा?" असं लिहिणं ही अभिप्राय देणाऱ्याची चूक ठरते. तसंच जॉन पॉलिडोरी या इंग्रज लेखकाची 1819 ची 'द व्हॅम्पायर' ही कथा आज घासून गुळगुळीत वाटते, कारण खानदानी, देखणा, थंड नजरेचा व्हॅम्पायर तिथूनच पुढे सगळीकडे पसरला. ती कंटाळवाणी वाटली तर तसं जरूर लिहा, पण ती 'नकलेसारखी' आहे असं लिहू नका.

आता कथेचं मूल्यमापन. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली की पुढचं बरंचसं सोपं होतं. व्हॅम्पायरकथांच्या पुस्तकात व्हॅम्पायर आहे हे रहस्य मुखपृष्ठानेच फोडलेलं असतं. आपल्याला माहीत आहे, पात्राला माहीत नाही. म्हणून "शेवट आधीच कळला" ही तक्रार बहुतेक वेळा फोल असते. खरे प्रश्न निराळे: हे अंतर लेखक कसं वापरतो? पात्राला कळेपर्यंतचा काळ ताणला आहे की नुसताच लांबवला आहे? कळल्यावरही ते पात्र दार उघडतं का, आणि का उघडतं? चांगल्या व्हॅम्पायरकथेत बळीची थोडी संमती असते, आणि ती पटली की कथा जमली असं समजावं.

मेरी विल्किन्स फ्रीमन यांची 1902 ची 'लुएला मिलर' घ्या. तिच्यात सुळे नाहीत, रक्त नाही. लुएलाची कामं करणारी माणसं एकामागून एक खंगत जातात, एवढंच. या कथेवर "भीतीदायक नाही" लिहिलं तर काहीच सांगितलं नाही. "निवेदक म्हातारी शेजारीण आहे. ती घरकामाच्या तपशिलांतून मृत्यू मोजत जाते, म्हणून भीती उशिरा पण खोल बसते" असं लिहिलं की वाचणाऱ्याला ही कथा आपल्यासाठी आहे की नाही हे ठरवता येतं. विशेषणाच्या जागी कारण लिहायचं.

कथा झाल्या की संपादकाकडे वळा. खूप वेळा संकलित झालेल्या कथा किती आणि क्वचित सापडणाऱ्या किती? कालक्रम ठेवला असेल तर सुरुवातीला एकोणिसाव्या शतकातलं संथ गद्य सलग येतं आणि नवे वाचक तिथेच गळतात. अशा वेळी कुठून सुरुवात करावी तेही सुचवा. कादंबरीतलं प्रकरण कापून कथा म्हणून घातलं असेल तर ते आवर्जून नोंदवा. अनुवाद असेल तर व्हॅम्पायरला कोणता शब्द वापरलाय ते बघा. एका कथेत 'पिशाच्च', दुसरीत 'रक्तपिपासू', तिसरीत नुसतं 'भूत' असेल, तर प्रेत उठून चालतं की आत्मा भटकतो याचाच गोंधळ होतो.

गुणांची सरासरी काढून थांबू नका. दहा कथांपैकी तीन कथांना 5 आणि सातांना 2 दिले तर सरासरी 2.9 येते. दहाही कथांना 3 दिले तर 3. आकडे जवळपास सारखे, पण पहिलं पुस्तक त्या तीन कथांसाठी घरात ठेवण्यासारखं आहे आणि दुसरं एकदा वाचून देऊन टाकण्यासारखं. सरासरीशेजारी 5 मिळालेल्या कथांची नावं द्या.

वाचकगटाचा एकत्रित अभिप्राय करायचा असेल तर चर्चेआधी चिठ्ठ्यांवर गुण गोळा करा. पहिला माणूस ठासून बोलला की बाकीच्यांचे गुण त्याच्याकडे सरकतात. मग ज्या कथेला कुणी 5 आणि कुणी 1 दिला आहे तिच्यापासून चर्चा सुरू करा, सगळ्यांनी 4 दिलेल्या कथेवर फारसं बोलणं होत नाही. लिहिताना मतभेद मिटवू नका. दोन्ही बाजू कारणांसह एकेका वाक्यात ठेवा.

लांबी साधारण पाचशे ते सहाशे शब्द पुरे. पाच-सहा कथांबद्दल नीट लिहा, बाकीच्यांची फक्त नावं आली तरी चालतील. पाठवण्याआधी रहस्यभेदासाठी एकदा वेगळं वाचन करा. व्हॅम्पायर आहे हे सांगायला हरकत नाही, पण तो कोण आणि शेवटी कोण वाचतं हे खोडा. "त्या पाहुणीपासून सावध" एवढ्या एका शब्दानेही कथा फुटते, म्हणून 'पाहुणी'च्या जागी 'घरात आलेलं संकट' लिहा. शेवटी आवृत्ती आणि प्रकाशनवर्ष द्या, कारण पुढच्या आवृत्तीत कथा बदललेल्या असू शकतात आणि तुमचे पान क्रमांकही जुळणार नाहीत.