आठवीला ब्रिटिश काळ प्रोजेक्टमधून शिकवताय? या चुका टाळा

दरवर्षी इतिहासाचं प्रोजेक्ट म्हटलं की वर्गात काय येतं ते आपल्या सगळ्यांना माहितीये. थर्माकोलची बोरीबंदर-ठाणे आगगाडी, वर कापसाचा धूर, खाली स्केचपेनने "16 एप्रिल 1853", आणि ती गाडी बनवलेली असते बाबांनी, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणलेली. मुलाला विचारा की रेल्वेसाठी पैसा कुणी घातला, घाटात खडी कुणी फोडली, तर मूल गप्प. मी पण बरीच वर्षं अशाच मॉडेलना मार्क दिलेत म्हणून हे लिहितेय. मुलाच्या हातात मोजायला, तोलायला, हिशोब करायला काहीतरी खरं दिलं ना, की राज्य परक्याचं होतं म्हणजे नेमकं काय होतं हे त्याचं त्यालाच कळतं.

मॉडेललाच प्रोजेक्ट समजू नका

आगगाडी करायचीच असेल तर डबे राहू द्या, चढ करायला सांगा. भोर घाटातला, म्हणजे खंडाळ्याच्या घाटातला, रेल्वेमार्ग 1863 ला सुरू झाला आणि तिथला सगळ्यात तीव्र चढ 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर. एक फळी घ्या, 37 सेंमी पुढे आणि 1 सेंमी वर या मापात तिरकी लावा, मुलं म्हणतात हा काय चढ आहे का? मग त्यावर खेळण्यातली गाडी स्प्रिंग बॅलन्सने ओढायची, आधी सपाटीवर आणि मग चढावर, आणि दोन्ही आकडे लिहायचे. विज्ञानाचा तास तिथेच झाला. आणि तो घाट कापताना हजारो मजूर कॉलरा, ताप आणि अपघातांनी मेले हे त्याच तासाला सांगा, तो आकडा हातात असतानाच, पुढच्या आठवड्यात नाही.

गणिताच्या सरांना यातलं व्याज द्या. रेल्वे कंपन्यांना गुंतवणुकीवर 5 टक्के परताव्याची सरकारी हमी होती. कंपनीने 100 रुपये घातले आणि गाडीने वर्षाला 3 च मिळवले तर उरलेले 2 इथल्या महसुलातून भरायचे. हे गणित एकदा सोडवलं की "इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली" या वाक्यावर मुलं स्वतः प्रश्न विचारायला लागतात, आपल्याला भाषण करावं लागत नाही.

मीठ जूनमध्ये करायला जाऊ नका

हे प्रोजेक्ट मला सगळ्यात आवडतं आणि सगळ्यात जास्त वेळा फसलंय पण हेच. धडा ज्या महिन्यात येईल त्या महिन्यात करायला गेलात तर पावसाळ्यात ताटं आठ-आठ दिवस ओलीच राहतात, वर बुरशी, आणि मुलांचा इंटरेस्ट गेलेला. दिवाळीनंतर घ्या, ऊन कडक आणि हवा कोरडी असते.

समुद्र जवळ नसेल तरी चालतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, तेवढं खडा मीठ घालून पाणी तयार करा. खोल पातेलं नको, स्टीलचं पसरट ताट घ्या, लोखंडाचा ट्रे गंजतो. 30 सेंमी व्यासाच्या ताटात 1 सेंमी पाणी म्हणजे साधारण 700 मिली, त्यात मीठ झालं साधारण 24-25 ग्रॅम. पाणी आटलं की खरवडून वजन करायला लावा. आमच्या वर्गात एका गटाला 21 ग्रॅमच मिळालं आणि उरलेलं गेलं कुठे यावर अर्धा तास भांडण झालं, ताटाला चिकटलं, खरवडताना सांडलं, आधी वजनच चुकलं, आणि शेवटी एका मुलीने ताट परत धुऊन ते पाणी आटवून दाखवलं. असा तास मिळाला तर पाठ्यक्रम दोन दिवस मागे पडला तरी चालेल असं माझं स्पष्ट मत आहे. कोकणातल्या शाळांनी खरं समुद्राचं पाणी घेतलं तर एक लक्षात ठेवा, ते पूर्ण आटवलं की मीठ कडवट लागतं कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार पण येतात, मिठागरात ते कडू पाणी शेवटी काढून टाकतात. म्हणून ते चाखायचं नाही, हे आधीच बजावा.

आता कर. 1930 ला मिठावर मणाला 1 रुपया 4 आणे कर होता. शेराला किती पडला ते काढा असं सांगितलं की हमखास कुणीतरी फळ्यावर 1.4 लिहितं आणि 40 ने भागतं. इथे लगेच चूक म्हणून पुसू नका. रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे, पैशाच्या 3 पै, अशी कागदाची नाणी मुलांकडून कापून घ्या आणि चार आणे म्हणजे रुपयाचा पाव हे त्यांना मांडून बघू द्या. मग 1 रुपया 4 आणे म्हणजे 20 आणे, मणाचे 40 शेर, म्हणजे शेराला अर्धा आणा. शेर म्हणजे आपलं किलोला जरा कमी, साधारण 930 ग्रॅम. कागदाची नाणी मोजत हा अर्धा आणा हाताशी आला की मुलं आपणहून विचारतात, मग तेव्हा मजुरी किती होती? दांडीनंतर साधारण महिन्याभराने कोकणातल्या शिरोड्याला लोक मीठ उचलायला का गेले हे सांगायची वेळ तीच.

मराठीच्या बाईंना पण यात घ्या, सोळा आणे खरं, पै न् पैचा हिशोब, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला, ही सगळी भाषा मुलं घरी ऐकतात पण त्यामागचं नाणं त्यांनी बघितलेलं नसतं. नवे पैसे 1 एप्रिल 1957 पासून आले, घरात जुनं नाणं असेल तर वर्गात आणायला सांगा पण हरवलं तर रडारड होते, म्हणून फोटो बरा.

दुष्काळाचं नाटक बसवू नका

हे मी कळकळीने सांगते. फाटके कपडे घालून, पोट आत ओढून "भाकरी द्या हो" करणारी मुलं स्टेजवर आली की खालची मुलं हसतात, आणि त्या हसण्यात मुलांची चूक नाही, आपण त्यांना तसं उभं केलंय. ज्या मुलाच्या घरी खरंच चूल कधी कधी पेटत नाही ते मूल त्या वेळी कुठे बघत असेल याचा विचार करा.

त्याऐवजी तराजू आणा. 1876 ते 78 च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडणाऱ्या मजुरांची मजुरी सर रिचर्ड टेंपल या दुष्काळासाठी नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने 1877 ला कमी केली, धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पाउंड धान्य आणि वर एक आणा, बाईला आणि मुलांना त्याहून कमी. एक पाउंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम. ज्वारी घ्या, वर्गातच तोला, पेपरवर पसरा. पहिल्यांदा मुलं म्हणतात बरीच आहे की. मग भाकऱ्या करून बघा म्हणायचं, एका भाकरीला 90-100 ग्रॅम पीठ धरलं तर साडेचार-पाच भाकऱ्या, दिवसभराच्या. आमच्या इथल्या एका मुलीने ते ऐकून हळूच सांगितलं, "माझे आजोबा नांगरटीच्या दिवसात एका वेळेला तीन खातात." वर्ग एकदम शांत झाला. विज्ञानाच्या बाईंनी मग कॅलरी मांडल्या, ज्वारीच्या 100 ग्रॅमला साधारण 340 धरल्या तर दिवसाला जेमतेम 1500, आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषाला तीन हजारांच्या वर लागतात. वरच्या एका आण्यात काय आणि किती येणार तेही त्याच वहीत मांडायला लावा. मुंबई इलाख्यात मजुरांनी या मजुरीवर काम करायचं नाकारलं होतं, आणि पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवत होती, हे पण सांगा, म्हणजे लोक नुसते मेले नाहीत, बोलले आणि अडून पण बसले हे मुलांपर्यंत पोचेल. ती ज्वारी नंतर फेकायची नाही, आम्ही शाळेतच दळून आणून भाकरी केली.

आजचाच नकाशा वापरला की सगळंच चुकतं

महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 चं. त्याच आकारात 1857 रंगवायला दिलं की मुलाच्या डोक्यात बसतं की सगळीकडे सारखंच इंग्रजांचं राज्य होतं. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि 17 सप्टेंबर 1948 ला मुक्त झाला, कोल्हापूर, सांगली, औंध, सावंतवाडी ही संस्थानं होती, आणि सावंतवाडीच्या पलीकडे गोव्यात तर पोर्तुगीज 19 डिसेंबर 1961 पर्यंत होते. लातूर-परभणीच्या शाळेत नुसतं "कलेक्टरने सारा घेतला" शिकवून भागत नाही, तिथल्या मुलाच्या पणजोबांच्या हातात इंग्रजांचा नाही, निजामाचा हाली शिक्का, म्हणजे त्याच्या राज्याचं नाणं, होता. भूगोलाच्या तासाला ट्रेसिंग पेपर ठेवून आधी आपला तालुका कुणाच्या राज्यात होता ते शोधायचं, मग बाकीचं.

आजी-आजोबांना चुकीचा प्रश्न पाठवू नका

"ब्रिटिश काळ कसा होता ते आजोबांना विचारून या." आजोबांचा जन्मच 1955-60 चा असतो. 1947 ला दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या आसपास आहे. मुलं मग नेटवरून उतरवून आणतात आणि आपण त्यांना ओरडतो. प्रश्न बदला: तुमच्या आजीने तुम्हाला कोणत्या वर्षाच्या गोष्टी सांगितल्या, घरात आणे-पैसे कधीपर्यंत बोलायचे, रॉकेलच्या आधी दिवा कशाचा होता. आणि ऐकीव गोष्ट वहीत ऐकीव म्हणूनच लिहायला शिकवा, कुणी सांगितली, त्यांना कुणी सांगितली.

एक गोष्ट तर अजिबात नको

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा शिकवताना कुठल्याही मुलाला "तू त्या जमातीचा हो" असं करू नका, आणि गावातल्या कुठल्या वस्त्या त्यात येत होत्या ते शोधून आणायचं प्रोजेक्ट तर नकोच. तुमच्या वर्गात त्या घरातलं मूल असू शकतं आणि ते सांगणार नाही. कायदा शिकवा: जन्मावरूनच गुन्हेगार ठरवणं, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी, आणि स्वतंत्र भारतात तो 1952 ला रद्द होणं. नागरिकशास्त्रात समानतेचा हक्क तिथेच पुढे घ्या.

राहिलं टाइमटेबल. चार विषयांच्या शिक्षकांना महिनाभर बांधून ठेवायला गेलात तर दुसऱ्या आठवड्यात सगळं मोडतं, प्रत्येकाकडून दोन-दोन तासच मागा, सलग मिळाले तर उत्तम. आणि मार्क देताना मॉडेल टेबलावर ठेवायच्या आधी मुलाची कच्ची वही बघा, ज्यात तो 1.4 खोडून 20 आणे लिहिलेले असतात.