फुकटचं खाऊन लोकं खरंच आळशी झालीत का? आपल्याच गावात तपासायचं कसं

आपल्या खान्देशात कपाशी वेचणीला आली की पारावर, सलूनमधे, डेअरीच्या लाईनीत एकच डायलॉग, "फुकटनं खाईसन लोके आयशी व्हई ग्यात". रेशन फुकट, लाडकी बहीणचे पंधराशे, मग शेतात कोण येईल भो? यावर कितीही भांडा, काही निघत नाही, हा दोन नावं सांगतो तो चार सांगतो आणि चहा संपतो. पण ही गोष्ट तपासता येते, नुसती वही-पेन पाहिजे आणि थोडं घरोघर फिरायची तयारी.

आधी "फुकट" म्हणजे नेमकं किती ते लिहून काढा. प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो धान्य महिन्याला, जानेवारी 2023 पासून मोफत. पाच माणसांचं घर धरलं तर 25 किलो, बाजारात तीस रुपये किलो पकडा, साडेसातशे झाले. त्यात बाईचे दीड हजार, ते पण तिचं वय 21 ते 65 मधे असेल, उत्पन्न अडीच लाखाच्या आत असेल आणि केवायसी कुठं अडकली नसेल तर. सगळे मिळून सव्वादोन हजार, म्हणजे दिवसाला 75 रुपये, माणशी 15. यात तेल, तिखट, सिलेंडर, रिचार्ज, दवाखाना, पोराची एसटी सगळं बसवून दाखवा म्हणावं. एवढ्यावर पाय पसरून बसणारा माणूस भेटला तर त्याचं दुसरं काहीतरी उत्पन्न आहे, ते शोधा.

मग बारा महिन्यांचा तक्ता. कोणत्या महिन्यात गावात किती दिवस काम असतं हे शेतकऱ्याला नका विचारू, मजूर बाईला विचारा. शेतकऱ्याला वेचणीचे आणि निंदणीचे दिवसच आठवतात कारण तेव्हा त्याची धावपळ असते, आणि तेव्हा मजूर मिळत नाही हे त्याचं खरंच आहे, तो खोटं बोलत नाही. पण फेब्रुवारी ते मे त्याच बाईला कोण बोलावतं? रावेर-यावलकडे केळी आहे म्हणून वर्षभर काही ना काही निघतं, घड कापायच्या-वाहायच्या टोळ्या चालू असतात, पण ते काम गड्यांचं. पारोळा, शिंदखेड्याकडच्या कोरडवाहू गावात होळीनंतर शेतात काय असतं ते मी सांगायला नको. सालदारकीचं, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर गडी ठेवायचं पण बघा, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरायचं, आता ट्रॅक्टर आणि तणनाशक आल्यावर सालदार ठेवणारेच किती उरले?

तक्त्यात पलायनाचा रकाना विसरू नका. धडगाव, अक्कलकुवा, नवापूरकडची कुटुंबं दिवाळीनंतर उचल (आगाऊ पैसे) घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात, पहाटे अंधारात फडात, लेकरं खोपीत. तीच माणसं उन्हाळ्यात गावात बसलेली दिसली की कुणीतरी फोटो काढून "बघा हे लाभार्थी" करतं. आता काय बोलावं.

यानंतर रेटचा प्रश्न आणि खरी गंमत इथंच आहे. "बोलावलं तरी येत नाहीत" असं कुणी म्हटलं की तीन गोष्टी विचारा: कितव्या वेचणीला बोलावलं, भाव काय दिला, न्यायला गाडी होती का. समजा किलोला दहा रुपये. पहिल्या वेचणीत बोंडं भरलेली असतात, हात बसलेली बाई दिवसाला चाळीसएक किलो काढते, चारशे सुटतात, तेव्हा पिकअपमधे पाय ठेवायला जागा नसते. फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावर ठेवलेल्या कपाशीच्या वेळी तोच भाव, पण बोंडं किडकी, अर्धी उमललेली, नख्या बोटात घुसतात आणि दिवसभर वाकून पंधरा किलो निघत नाही. दीडशे रुपयासाठी ती घरी थांबली तर आळशी? पूर्वी ती याच भावात यायची कारण संध्याकाळच्या पिठाचा प्रश्न होता, आता डब्यात रेशनचे गहू असतात म्हणून नाही म्हणू शकते. मला तरी हा आळस वाटत नाही, आपण कुठं कपाशी खेडा खरेदीत, गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला पडेल भावात देतो, थांबतोच ना? तरी शेतकऱ्याच्या हातात पण काही उरत नाही हे मान्य, सीसीआयचं (सरकारी कापूस महामंडळाचं) खरेदी सेंटर उघडेपर्यंत तो पण अडलेलाच असतो.

आता मुख्य टेस्ट: काम मागून बघायचं, लेखी. ज्यांच्याबद्दल लोक बोलतात अशा दहा-पंधरा घरांकडे जा, जॉबकार्ड (रोजगार हमीच्या नोंदणीचं कार्ड) आहे का बघा, नसेल तर ग्रामपंचायतीत अर्ज करून काढून घ्या. मग नमुना 4 भरून रोजगार हमीचं काम मागायचं, निदान सलग 14 दिवसांचं. सही करायला किती जण येतात तिथंच निम्मं उत्तर मिळतं. फॉर्म दिला की तारखेसकट पोच घ्या, नमुना 5. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि नेमकं हेच टाळलं जातं, "ठेवून जा, काम निघालं की सांगतो" म्हणतात आणि काम निघतं त्या दिवशीची मागणी कॉम्प्युटरला चढवतात. म्हणजे ऑनलाईन बघितलं तर जेवढ्यांनी मागितलं तेवढ्यांना मिळालं, सगळं छान. पोचेवर तारीख असेल तर 15 दिवसात काम द्यावंच लागतं, नाही दिलं तर बेरोजगार भत्ता, पहिले 30 दिवस मजुरीच्या चौथा हिस्सा, पुढे निम्मा. 2025-26 ला महाराष्ट्राचा रेट 312 होता, म्हणजे दिवसाला 78 रुपये. काम गावापासून 5 किलोमीटरच्या बाहेर दिलं तर मजुरी 10 टक्के जास्त.

ही हमी मुळात आपल्याच राज्यातून निघालेली, वि. स. पागेंची कल्पना, 1972 च्या दुष्काळात त्याच कामांवर लोक जगले, 1977 ला कायदा झाला. 2006 ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या 200 जिल्ह्यांत धुळे आणि नंदुरबार होते. डिसेंबर 2025 मधे संसदेने तिच्या जागी जी राम जी कायदा पास केला, वर्षाला 125 दिवस कामाच्या हमीचा, पण पेरणी-कापणीच्या हंगामात 60 दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची तरतूद आहे. मजूर मिळत नाही ही ओरड कुठपर्यंत पोचली बघा. फॉर्मचे नंबर बदलले तरी तारखेची पोच सोडायची नाही.

शहरातली पोरं वेगळी मोजा. बीए झालेला पोरगा घरी बसतो म्हणून बाप शिव्या देतो, पण जळगावला खान्देश मिल होती तिथं आज मॉल आहे, आणि एमआयडीसीत चटई-पाईपच्या कारखान्यात ठेकेदाराकडे बारा तासांची ड्युटी. त्याला विचारा किती ठिकाणी गेला, काय पगार सांगितला, पीएफ होता का.

आळशी माणसं सापडतीलच, ओट्यावर पत्ते कुटणारे प्रत्येक गावात आहेत आणि त्यांच्यात बागायतदाराची पोरं पण असतात, ते रकान्यात लिहा. मस्टरवर (हजेरीपटावर) मजुराचं नाव आणि काम जेसीबीने, हे पण लिहा, लपवू नका. ते आळसात नाही, चोरीत मोजायचं, आणि त्यात मजूर एकटा कधीच नसतो. बाहेरचा दाखला पाहिजे असेल तर नोबेलवाले अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको, इंडोनेशिया धरून सहा देशांतल्या सात प्रयोगांचे आकडे तपासले होते, सरकारकडून पैसे मिळाल्याने लोक काम सोडतात असा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. पण पारावर मेक्सिको चालत नाही, तिथं आपल्या गावची वहीच काढावी लागते.

पंधरा दिवस उलटले आणि काम नाही आलं तर पोचेचे फोटो काढून ठेवा, भत्त्याचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या आणि एक कॉपी तहसीलला. पुढच्या ग्रामसभेत ज्यांनी सह्या केल्या त्या बायांनाच बोलू द्या, तुम्ही माईक धरू नका.