तलंगांच्या पहिल्या अंड्याची वाट पाहताना

तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या, साधारणपणे १८ ते २२ आठवड्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात. काही जाती मात्र २८ आठवड्यांपर्यंत वाट पाहायला लावतात, म्हणून केवळ दिवस मोजण्यापेक्षा पक्ष्याकडे पाहावे, हे अधिक खात्रीचे. फिकट गुलाबी तुरा लालभडक होऊन भरतो आणि पाठीवर हात ठेवताच तलंग पंख किंचित पसरून जमिनीलगत दबून बसते. ही खूण दिसली की अंडे बहुधा फार लांब नसते.

अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य घाईने सुरू करू नये, कारण त्यातील जादा कॅल्शियम वाढत्या पिलांच्या मूत्रपिंडांना अपाय करते. ते १८ आठवड्यांच्या सुमारास किंवा पहिल्या अंड्यानंतर द्यावे, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

चार-पाच कोंबड्यांमागे एक, असे अंधारे, कोरडे, पेंढा घातलेले खोके खुराड्यात आधीच ठेवून त्यात एखादे खोटे अंडे मांडावे. दिवसाचा उजेड १४ तासांपेक्षा कमी असेल, तर अंड्याला उशीर होणे स्वाभाविक आहे. त्यासाठी पक्ष्याला दोष देऊ नये. पहिले अंडे लहान, कधी मऊ कवचाचेही निघते, पण काही आठवड्यांत ते सुधारते.