दान द्यायच्या संगणकात पैसे कुठे घालावेत
गरजू विद्यार्थ्यासाठी स्वस्तात संगणक जुळवायचा असेल, तर सगळे नवे भाग जमवण्यापेक्षा कार्यालयातून बाद झालेला डेस्कटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून घ्यावा आणि वाचलेले पैसे २५६ जीबीच्या एसएसडीवर (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान साठवण) व रॅम (चालू कामासाठीची स्मृती) ८ जीबीपर्यंत नेण्यावर खर्चावेत, कारण अशा यंत्राचा संथपणा बहुधा जुन्या हार्ड डिस्कचाच असतो. रॅम घेण्यापूर्वी मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) डीडीआर३ चा आहे की डीडीआर४ चा, म्हणजे रॅमच्या कोणत्या पिढीचा, हे पाहावे. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असल्याने चुकीची पट्टी बसतच नाही. पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर करू नये. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली घालणे बरे. संगणक सुरू करताना दर वेळी त्याचे घड्याळ मागे गेलेले दिसत असेल, तर बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बदलावा.